चाळीस मीटर

सगळ्यात आधी सुरकुत्या.
कागद काचेवर पालथा घातला की
घडीची रेघ स्कॅनरला नदी वाटते
आणि कॉफीच्या कपाचा डाग, तळं.
ते मी हाताने पुसते, ठिपक्याठिपक्याने,
नाहीतर नोव्हेंबरच्या अंधारात रेनडिअर हाकताना
कुणीतरी माझ्या कॉफीला वळसा घालेल.

मग टाचण्या.
चर्चचा कळस, पुलाचं टोक, दोन ओढे मिळतात ती जागा:
कागदावरची आणि पृथ्वीवरची
एकमेकींवर आणून टोचायची.
तीन टाचण्यांपर्यंत कागद ऐकतो,
चौथीला कुरकुरतो.
तेव्हा ओल्या कातड्यासारखा ताणायचा, चहूबाजूंनी सारखा,
एक कोपरा ढिला राहिला तर तिथे जंगल फुगतं.
शेवटी चौकोनी तुकडे.
हातातल्या यंत्राचं पोट लहान,
शंभर घासांच्या वर घेत नाही.

इनारीच्या ग्रंथालयात, परतीच्या पुस्तकांच्या गाड्याशेजारी,
अकरा हिवाळे हेच करतेय.
ओउला येतो, त्याची बहीण बिरेत येते,
नव्या कुंपणांचे कागद घेऊन.
जाताना यंत्र काखेत धरतात.
उणे तीसला बॅटरीलाही माणसाची ऊब लागते.

येफिम आला तो मार्चमध्ये.
उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला नकाशा,
त्याच्या बापाने शिसपेन्सिलीने काढलेला:
सरहद्दीपलीकडे राहिलेलं गाव,
बावीस घरं, जाळी वाळवायच्या काठ्यासुद्धा मोजून.
गाव सुटलं तेव्हा येफिम सहा वर्षांचा होता.

मी उपग्रहाच्या चित्रात ते तळं शोधलं.
काठाचा बाक जुळला, बेट जुळलं,
माझ्या हातून आजवर इतकं नेमकं काही बसलं नव्हतं.
यंत्र त्याच्या हातात दिलं.
पडद्यावर नुसता करडा रंग, मधोमध बाण.
"मी कुठे आहे?"
"नकाशाच्या बाहेर."
"ते मला माहीत होतं," तो म्हणाला.
"त्यासाठी यंत्र कशाला?"

मग हळूच, बँकेत कर्ज मागावं तसं,
"हे इथे आणता येईल का? माझ्या पायांखाली?"

असं करत नाहीत.
नकाशावर कुणीतरी पाऊल टाकतं, विश्वासाने;
खोटी टाचणी म्हणजे बर्फातला खड्डा.
हे सगळं मी त्याला सांगितलं.
तो अभ्रा घडी घालत बसला.
चार कोपरे नीट जुळवून. परत उलगडून. परत.

त्या रात्री बापाची चूल
मी येफिमच्या स्वयंपाकघरावर टोचली.
मोजमाप बदललं नाही. उत्तर हलवली नाही,
तेवढी लाज राखली.
फाइलला नाव दिलं: यावर चालू नका.

तो चालला.
दोन काठ्या, गळ्यात यंत्र,
दुकानाच्या पार्किंगमध्ये थांबून टोपी काढली
(तिथे त्याच्या धर्ममातेचा उंबरठा होता),
पेट्रोल पंपाला अर्धी फेरी मारून गेला,
मधून जायला कुणाच्या तरी घराची भिंत आड येत होती.
पंपावरच्या मुलीने मला फोन केला,
म्हातारा ठीक आहे ना?
मी म्हटलं, रस्ता ओळखीचा आहे त्याचा.

आठवड्याने परत आला, वैतागलेला.
यंत्र टेबलावर आपटलं.
"चाळीस मीटर चुकलंय.
बापाची होडी डांबरावर येते.
जरा पाण्याकडे सरकव."

मी समजावलं, एकटी होडी सरकत नाही,
सगळं गावच सरकतं,
तुमचं घर शेजाऱ्याच्या लाकडांच्या ढिगात जाईल.

"जाऊ दे. घर कुठेही राहतं,"
तो टोपी घालत म्हणाला,
"होडी नाही राहत."

मी चष्मा पुसला, टाचणी उपटली.
पूर्वेला. अजून थोडं. थांब म्हणाला.
अजून थोडं.